ग्रामोफोन, नग एक

चाकणच्या धातुवेध प्रेसिंग्ज या कंपनीच्या संगीत नाटकाला कारखान्यांच्या नाट्यस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, आणि गायनाचं खास पदक त्या नाटकातल्या लाकडी ग्रामोफोनला मिळालं. ग्रामोफोनच्या आत नदीम होता.

असं काहीही घडलेलं नाही. निदान कंपनीचं तसं म्हणणं आहे, आणि कंपनीत जे जे घडलेलं नाही त्याची यादी आधीच इतकी मोठी आहे की आणखी एकाची भर पडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. प्रेसखाली कुणाचं बोट गेलेलं नाही, कँटीनच्या आमटीत झुरळ निघालेलं नाही, आणि ग्रामोफोनच्या आत नदीम नव्हता. आपणही तो नव्हता असं धरून चालू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

नदीम धातुवेधमध्ये नऊ वर्षं नवीन होता.

हे ज्याला कळलं नाही तो पर्मनंट असणार. ठेकेदाराच्या माणसाला सलग जास्त दिवस कामावर ठेवलं की आपण इथले कायमचे आहोत असं त्याला वाटू लागतं, आणि पुढेमागे कोर्टालाही तसंच वाटायची भीती असते. म्हणून दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक द्यायचा. ब्रेक म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं आणि मग नवा नंबर, नवा फोटो, नवी पिवळी पट्टी गळ्यात घालून त्याच मशीनवर नवा माणूस म्हणून यायचं. नव्या माणसांना सेफ्टीचा व्हिडिओ दाखवतात, तो नदीमला दर खेपेला दाखवत. त्यात एक जण हेल्मेट न घालता शिडीवर चढतो आणि पडतो. पहिल्या वर्षी नदीम त्याला हसला होता. पुढे त्याला त्या माणसाची काळजी वाटू लागली. अलीकडे नुसता हेवा वाटायचा. इतक्या वेळा पडूनही त्याच्या गळ्यातली पट्टी निळीच होती, आणि निळी पट्टी पर्मनंटची.

नदीमची बायको हीना भोसरीत लांडेवाडीच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायची. तिला निळ्या पट्टीकडून फार काही नको होतं. "बायका विचारतात, तुझा नवरा काय करतो. मला दर वेळी 'सध्या' लावून सांगावं लागतं. सध्या कंपनीत आहे, सध्या घरी आहे. एकदा तरी मला ते 'सध्या' काढून बोलायचंय." आणि नदीम ब्रेक संपवून नवं कार्ड घेऊन आला की ती सुईतून दोरा काढता काढता विचारायची, "क्या जी, इस बार भी नये?"

नवनाथ कंपनीत स्टोअर्सला होता आणि पर्मनंट होता. स्टोअर्सच्या खिडकीतून तो हातमोजे द्यायचा, आणि देताना चेहऱ्यावर असे भाव आणायचा की घेणाऱ्याला आपण लढाईवर निघालोय असं वाटावं. त्याला नाटकाचं वेड होतं. कारखान्यांच्या स्पर्धेत धातुवेधचा नंबर दर वर्षी शेवटून मोजायला सोपा पडे, म्हणून या वर्षी त्याने थेट दुसरं महायुद्ध घेतलं. नाटकाचं नाव 'दिवे मालवा, गाणं लावा'. पुणे कॅम्पातलं चहाचं दुकान, खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद, दुकानदाराच्या सुनेचा नवरा ब्रह्मदेशात लढायला गेलेला, आणि ती त्याच्या आठवणीत ग्रामोफोनला चावी देत बसलेली. एकूण आठ गाणी. सगळी नवनाथने स्वतः रचलेली, पण चाली अशा की ऐकणाऱ्याला हे आपण लहानपणी आजोळी ऐकलंय असं वाटावं.

सुनेच्या कामाला क्वालिटीतली दीक्षा होती. ती उत्तम रडायची. गाणारं मात्र कुणी नव्हतं. मेंटेनन्सचा एक जण बरा गातो असं सगळे म्हणत, पण तो बरा फक्त कंप्रेसर चालू असतानाच वाटायचा.

असाच एकदा जेवणाच्या सुट्टीत नवनाथ हात धुवायला गेला, तर शेजारच्या नळावर नदीम साबण लावत गुणगुणत होता. गाण्याच्या आधी त्याच्या घशातून काहीतरी खरखरलं.

"काय रे, घशात काही अडकलंय का?" नवनाथने विचारलं.

"सुई आहे ती," नदीम म्हणाला.

नदीमचे मामा वजीर यांचं भोसरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे जुन्या रेकॉर्डी दिवसभर वाजायच्या. बाकीची पोरं गाणी शिकली, नदीम रेकॉर्डी शिकला. गाण्याआधीची खरखर, एकाच शब्दावर अडकून बसलेली सुई, चावी संपत आली की गाणाऱ्या बाईचा हळूहळू होत जाणारा बुवा, हे सगळं तो गळ्याने काढायचा. नवनाथने ओले हात त्याच्या खांद्यावर ठेवले. "भावा, तू आत्तापर्यंत होतास कुठं?"

"ब्रेकवर," नदीम म्हणाला.

अडचण एकच होती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे कलाकार कंपनीच्या मस्टरवरचा हवा, आणि नदीम ठेकेदार आबाजींच्या मस्टरवर होता. आधी मुद्रित करून आणलेलं गाणंही चालणार नव्हतं. मात्र रंगमंचावरच्या वस्तूंचा स्वतःचा आवाज चालेल, असं पुढे लिहिलं होतं: घड्याळाचे ठोके, टेलिफोनची घंटा, रेडिओ, इत्यादी. नवनाथ त्या 'इत्यादी'कडे बराच वेळ बघत राहिला. नदीम त्यात मावत होता.

"नवनाथभाऊ, खरा ग्रामोफोन आणा की सरळ," नदीम म्हणाला.

"जुन्या बाजारात बघून आलो. आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. आणि माझी गाणी त्याच्यात कुठायत? ती माझ्या डोक्यात आहेत."

"मग तुमचं डोकं ठेवा खोक्यात."

"डोकं आहे रे, गळा नाही."

दोघं एचआरच्या प्राजक्ता मॅडमकडे गेले. मॅडमच्या टेबलावर 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी होती. ती पाटी आलेल्या माणसाकडे तोंड करून ठेवलेली असल्याने मॅडमना तिची फक्त मागची बाजू दिसायची.

"नदीम, फॅमिलीत कोण पर्मनंट, कोण कॉन्ट्रॅक्ट, असं काही असतं का?" मॅडम म्हणाल्या.

"मग मला नाटकात घ्या ना."

"नाटकात फक्त पर्मनंट. पण प्रॉपर्टीत, म्हणजे स्टेजवरच्या सामानात, तुला घेता येईल. पहिलं बक्षीस आलं ना, की तुझ्या पर्मनंटचं मी स्वतः एमडी सरांना सांगते. नवनाथसमोर शब्द देते."

नवनाथने मान हलवली. अशा मानेच्या जोरावर माणसं लग्नं जुळवतात, नदीमने तर फक्त खोक्यात बसायचं होतं.

आबाजींचीही परवानगी लागली. जिथे आता प्रेसशॉप आहे तिथे पूर्वी आबाजींचा कांदा व्हायचा. जमीन गेली, पैसे आले, आणि कंपनीला माणसं पुरवायचा ठेकाही आला. "पयलं आमी कांदं देत व्हतो, आता मानसं देतो," ते म्हणायचे. "मानसं बरी. सडली तरी वास मारत न्हाईत." त्यांनी नाटकाचा विषय ऐकून घेतला आणि म्हणाले, "माझा गडी खोक्यात बसवा न्हाईतर खोक्यावर बसवा, पर त्याची शिफ्ट भरली पायजे."

खोकं टूलरूमने केलं. ज्या टूलरूमला साधं स्टूल मागितलं तर सहा महिने लागतात, तिने ग्रामोफोनचं ड्रॉइंग काढलं, पत्रा ओढून पितळी वाटेल असा कर्णा केला, आत पाट बसवला. मागे दार ठेवलं, आणि ऐन नाटकात ते उघडू नये म्हणून त्याला बाहेरून कडी घातली. सेफ्टी ऑफिसरने हवेला भोकं पाडायला लावली. बंदिस्त जागेत काम करायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यावर आत जाणाऱ्याचं नाव लागतं. आत तर कुणी जाणार नव्हतं. शेवटी परवाना खोक्याच्याच नावाने निघाला. स्पर्धेसाठी सामानाची यादी गेली तीत टेबल, कपबश्या, कंदील यांच्या खाली लिहिलं होतं: ग्रामोफोन, नग एक.

खरं सांगायचं तर खोक्यात नदीमला बरं वाटायचं. गुडघे हनुवटीला लागत, प्लायवूडच्या डिंकाचा वास नाकात जाई, पण आत कुणी त्याला नंबर विचारत नव्हतं. बाहेर दीक्षा चावी फिरवायची, कर्रकर्र आवाज यायचा, तो घशातली सुई टेकवायचा आणि सुरू व्हायचा:

खिडकीवरती काळा कागद, दिव्यावरती टोपी,
तू तिकडे रे ब्रह्मदेशी, मी इकडे ना झोपी.
रेशनवरची साखर थोडी राखलीय मी डब्यात,
गोड करीन रे येशील तेव्हा, आलास जर हयात.

'हयात'वर तो किंचित थांबायचा. तालमीला बसलेली सगळी पर्मनंट माणसं तेव्हा खाली बघायची.

स्पर्धा चिंचवडच्या नाट्यगृहात होती. प्रेक्षकांत निवृत्त कामगार जास्त. त्यांतल्या कुणीही ती लढाई पाहिली नव्हती. ती संपली तेव्हा त्यांच्या आईबापांची लग्नंही ठरायची होती. तरीही तिसऱ्या गाण्याला त्या सगळ्यांना ते दिवस आठवले आणि रुमाल निघाले. काय दिवस होते, असं ते एकमेकांना म्हणत होते. साखर मिळत नसे, रॉकेल मिळत नसे, दिवा लावायची बंदी, पोरगा गेला की तारच येई. नाटकातला चहावाला एके ठिकाणी म्हणायचा, 'तेव्हा लढाई टेम्पररी होती आणि माणसं पर्मनंट होती.' चहावाल्याला हे पुढचं कसं कळलं, असं विचारून प्राजक्ता मॅडमनी ते वाक्य काढून टाकलं होतं.

पाचव्या गाण्याला घोळ झाला. दीक्षा रडण्यात इतकी रंगली की चावी द्यायला विसरली. नदीम आत वाट बघत होता. कर्रकर्र आलं नाही. बाहेर शांतता वाढत चालली, तेव्हा त्याने गाणं सुरू केलं. पण चावी न दिलेला ग्रामोफोन किती वाजणार? नदीम कामाला चोख माणूस होता. दुसऱ्या ओळीपासून त्याने आवाज उतरवायला घेतला. बाईचा बुवा झाला, बुवाचा म्हातारा झाला, म्हातारा 'आलास जर' म्हणता म्हणता गाळात रुतल्यासारखा थांबला. दीक्षा दचकली, पदर सावरत धावली आणि तिने चावी फिरवली. म्हाताऱ्याचा बुवा झाला, बुवाची बाई झाली, आणि 'हयात' असा लख्ख स्वरात उठला की सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

पडदा पडल्यावर नदीमला बाहेर काढायला वेळच मिळाला नाही. परीक्षक थेट रंगमंचावर आले. मुख्य परीक्षक माइकवर म्हणाले, "आम्ही आज नियम मोडून एका वस्तूला गायनाचं पदक देत आहोत. कारण आज इथे एकही माणूस इतका माणसासारखा गायला नाही."

पदक कर्ण्याला अडकवलं. एमडी साहेबांनी खोक्यावर दोनदा थाप मारली, ती नदीमच्या टाळूवर बसली. हार घातला, फोटो झाला. आतून 'थँक्यू सर' म्हणावं असं नदीमच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पर्मनंट व्हायचं होतं, म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रामोफोन कंपनीच्या रिसेप्शनमध्ये आला. त्याच्यावर मालमत्तेचा नंबर चिकटवला, त्याचा विमा उतरवला, वर्षाला दोनदा पॉलिश ठरलं. नदीम मॅडमकडे गेला.

"मॅडम, पहिलं बक्षीस आलं."

"कॉन्ग्रॅच्युलेशन्स! म्हणजे सगळ्यांनाच."

"माझं ते पर्मनंटचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नदीम, समजून घे हं. मी तुझं नाव पाठवलं तर वरचे विचारतील, कशासाठी? मी काय सांगू? नाटकात तर तू नव्हतास."

"आत होतो ना."

"ते कळलं तर बक्षीस परत जाईल. दीक्षाचं ठरलेलं प्रमोशन जाईल, नवनाथचं जाईल. फॅमिलीतल्या लोकांचं असं नुकसान करशील तू?"

नदीम नवनाथकडे गेला. नवनाथने त्याला न मागता हातमोज्यांचा नवा जोड दिला. "भावा, पुढच्या वर्षी मोठं कपाट करतो. पाय पसरून बसशील." दीक्षा मात्र खरंच भडकली. "मी सांगते सगळ्यांना, बघच तू!" असं ती कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला कायमची दिवसपाळी मिळाली, आणि दिवसपाळीत कामं फार असतात.

महिना संपता संपता नदीमचे सात महिने भरले आणि त्याला ब्रेक मिळाला.

तो घरी बसून हीनाला कापड धरून देत होता, तेव्हा आबाजींचा फोन आला. "नदीम, उद्या ये. जपानचं सायेब येनार हायेत. त्यास्नी तुजं खोकं ऐकायचंय."

"आबाजी, मी ब्रेकवर आहे."

"व्हय की. म्हनून तर गेटवर तुला घेनार न्हाईत. मानसाच्या गेटनं न्हाई यायचं. सामानाच्या गेटनं यायचं."

हीनाने मशीन थांबवलं. "काय म्हणतात?"

"सामान म्हणून बोलावलंय."

"बक्सा तो अंदर है, फिर तुम काय में जाते?"

ते आबाजींनी आधीच बघितलं होतं. ग्रामोफोन पॉलिशला म्हणून बाहेर काढला होता, तो भोसरीत आबाजींच्या टेम्पोत उभा होता. नदीम आत बसला, बाहेरून कडी लागली, आणि मोशीच्या सिग्नलवर थांबत थांबत टेम्पो चाकणला पोचला. सामानाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने पास बघितला. पॉलिशहून परत आलेला माल, असा पास होता. त्याने खोकं हलवून बघितलं. "लय जड हो," तो म्हणाला. "जुनं लाकूड हाय," आबाजी म्हणाले.

आत रिसेप्शनमध्ये नवनाथ तणतणत होता. साहेब जपानचे, आणि नाटकातल्या कूचगीतात शिपाई गातात 'जपान्याला दावू पाणी'. हे प्राजक्ता मॅडमच्या आदल्या दिवशी लक्षात आलं होतं. शत्रू बदला, असा मेल आला होता.

नवनाथ भोकाशी तोंड नेऊन पुटपुटला, "ऐक. जपानी काढ. 'मच्छराला दावू पाणी' म्हण."

"म्हणजे शिपाई ब्रह्मदेशात डास मारायला गेलेत?"

"हो."

"डासाला पाणी दाखवलं तर तो वाढेल, नवनाथभाऊ."

"भावा, कस्टमर आहे. गा."

जपानचे साहेब वयस्क होते, बारीक अंगाचे. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुण्यातलीच एक मुलगी होती. दीक्षाने चावी फिरवली. नदीमने काळ्या कागदाचं गाणं म्हटलं आणि मग डासांवर कूच केलं. दुभाषी मुलगी ओळीओळीचा अर्थ सांगत गेली. गाणं संपलं तेव्हा बाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नदीमने भोकातून पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते.

दुभाषी म्हणाली, "साहेब सांगतायत, त्यांचे आजोबाही त्या लढाईत ब्रह्मदेशात होते. परत आले नाहीत. गोळीने नाही, मलेरियाने गेले. ते म्हणतात, लढाईचं इतकं खरं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं."

प्राजक्ता मॅडमनी नवनाथकडे बघितलं. नवनाथने ही आपलीच कल्पना असल्यासारखी मान झुकवली. साहेब खोक्याजवळ आले आणि कमरेत वाकून त्यांनी ग्रामोफोनला नमस्कार केला.

नऊ वर्षांत धातुवेधमध्ये नदीमपुढे कुणी वाकलं नव्हतं. त्याला वाटलं, हा माणूस ऐकेल. मॅडम ऐकणार नाहीत, नवनाथ ऐकणार नाही, पण हा कस्टमर आहे, आणि कस्टमरचं एमडी ऐकतात. आत्ता नाही तर कधीच नाही. चावी न देताच तो बोलायला लागला. खरखर काढली नाही, बाईचा आवाज लावला नाही.

"साहेब, माझं नाव नदीम. मी प्रेसशॉपला काम करतो. नऊ वर्षं झाली. दर सात महिन्यांनी मला काढतात आणि नवा म्हणून परत घेतात. आज मी कामावर नाही, सामान म्हणून आत आलोय. बक्षीस आलं तर कायम करतो म्हणाले होते. बक्षीस आलंय, साहेब."

दुभाषी मुलीने मॅडमकडे पाहिलं. "हे काय आहे?"

मॅडम एक क्षणही अडखळल्या नाहीत. "नाटकातला संवाद आहे. युद्धकाळातल्या कामगाराचं मनोगत."

मुलीने ते तसंच सांगितलं. शब्द न शब्द, चोख. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग ते सावकाश बोलले. मुलगी म्हणाली, "साहेब म्हणतात, युद्धाच्या काळात कामगारांना फार सोसावं लागलं. त्यांच्याकडेही असंच होतं. ते दिवस गेले हे फार बरं झालं."

"फारच बरं झालं," एमडी म्हणाले.

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "आज विश्वास बसत नाही."

मग साहेबांनी सुचवलं, की त्या काळातल्या कामगारांसाठी आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. सगळे उभे राहिले. एमडी, मॅडम, नवनाथ, दीक्षा, सिक्युरिटीवाला, आबाजीसुद्धा टोपी काढून. सगळ्यांनी ग्रामोफोनकडे तोंड करून माना खाली घातल्या. दीक्षा या वेळी खरंच रडत होती, पण ती नेहमीच इतकं चांगलं रडायची की कुणाला फरक कळला नाही. नदीमनेही दोन मिनिटं शांतता पाळली. कडी बाहेरून होती.

मग सगळे जेवायला गेले.

कडी आबाजींनी काढली, दुपार उलटल्यावर. नदीमचे पाय मेले होते, त्याला काखेत हात घालून ओढावं लागलं. "आरं, गानाऱ्यानं बोलू न्हाई," आबाजी म्हणाले. ते चिडलेले नव्हते. भाव पडल्यावर कांद्याकडे बघतात तसं त्याच्याकडे बघत होते. "वरनं सांगितलंय, बोलनारा मानूस नगं. तुजा ब्रेक वाढिवला."

"किती?"

"त्ये न्हाई सांगितलं."

साहेबांना तो संवाद गाण्याइतकाच आवडला होता. म्हणून आयटीच्या पोरांनी त्या दिवशी मोबाइलवर घेतलेलं सगळं रेकॉर्डिंग साफ केलं आणि खोक्यात नदीमच्या जागी ब्लूटूथचा स्पीकर बसवला. आता रिसेप्शनला कुणी पाहुणा आला की आधी काळ्या कागदाचं गाणं लागतं, मग डास, मग 'साहेब, माझं नाव नदीम'. शेजारी पितळेची पाटी आहे: युद्धकाळातील कामगाराचे मनोगत. शाळांच्या सहली येतात. एका बाईंनी मुलांना सांगितलं, बघा, पूर्वी लोकांना किती त्रास होता, आणि तुम्ही डबासुद्धा संपवत नाही. हे दीक्षाने नदीमला फोन करून सांगितलं. तिला वाटलं, त्याला हसू येईल.

हीनाला आता शेजारणी विचारतात तेव्हा ती 'सध्या घरी आहे' म्हणते. हल्ली त्यातलं 'सध्या' आपोआप गळायला लागलंय. तिला ते काढून बोलायचंच होतं, पण या बाजूने नाही. एक दिवस ती पिको थांबवून म्हणाली, "ते साखरेचं गाणं म्हणा की. सगळ्या चाकणने ऐकलं, मीच तेवढी राहिले."

नदीमने मांडी घातली, डोळे मिटले, घशातली सुई टेकवली. नुसती खरखर आली. त्याने परत टेकवली. परत खरखरच. पुढे काही येईना. हीना हातात साडी धरून बराच वेळ वाट बघत बसली.

"क्या जी," ती शेवटी हळूच म्हणाली, "आवाज वहींच छोड़ के आए?"

दुसऱ्या दिवशी नदीमने कोरा कागद आणला आणि तो लिहायला बसला.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
धातुवेध प्रेसिंग्ज, चाकण.

विषय: आवाजास नियमानुसार ब्रेक मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझा आवाज आपल्या रिसेप्शन विभागात रुजू असून त्याची सेवा आजतागायत सलग सुरू आहे. रविवारी व सणावारीही त्यास सुट्टी नाही. उर्वरित अर्जदार घरी आहे. तरी उर्वरित अर्जदारास आवाजाच्या सेवेत सामावून घेऊन दोघांस एकत्रित कायम करण्यात यावे. सदर बाब कंपनीच्या नियमात बसत नसल्यास, आवाज हा मूळ ठेकेदाराकडील असल्याने, सात महिने पूर्ण होताच त्यास इतरांप्रमाणे ब्रेक देण्यात यावा, व ब्रेकच्या कालावधीत त्यास सामानाच्या गेटमधून का होईना, पण भोसरी येथील राहत्या पत्त्यावर सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.